पडद्यावरील ठोसा

मधल्या सुटींत आमचे विद्यार्थी नुकत्याच पाहिलेल्या मारामारीच्या चित्रपटांची नक्कल करतांना दिसतात. म्हणून त्या मारामारीचें रहस्य सांगणें अवश्य वाटतें. पडद्यावरील ठोसा बहुधा लागतच नाहीं. मूठ व गाल यांमधील अंतर दिसूं नये अशा बेतानें कॅमेरा ठेवतात. मार खाणारा नट नेमक्या क्षणीं मान झटकतो, आणि आवाज मागाहून जोडतात. ज्यास आपण वैर समजतों, तें वस्तुतः दोघांच्या परस्पर विश्वासाचें काम होय. पटांगणावर मात्र ठोसा खरोखरच लागतो!

अद्भुत वीरांचेंही तसेंच आहे. १९७८ सालच्या 'सुपरमॅन' चित्रपटांत ख्रिस्तोफर रीव्ह हा नट तारांच्या आधारानें उडाला. १९९५ सालीं घोड्यावरून पडून त्याचें मानेखालील अंग लुळें पडलें. तरीही २००४ सालीं मृत्यु येईपर्यंत, चाकांच्या खुर्चींत बसून, तो आपल्यासारख्या पंगु झालेल्यांसाठीं झटत राहिला. मुलांनो, नक्कल करावयाचीच तर या दोघां वीरांपैकीं कोणाची करावी बरें?