गाभ्यातली तूट

शाळेत अणूचं चित्र काढताना आपण सगळ्यांनी एक गोष्ट बिनदिक्कत केलेली असते. मधोमध वर्तुळ, त्यात दाटीवाटीनं प्रोटॉन, प्रत्येकावर अधिकचं चिन्ह, आणि बाहेर इलेक्ट्रॉनच्या कक्षा. त्याच वहीत काही पानं मागे 'सजातीय प्रभार एकमेकांना दूर लोटतात' हे वाक्य दोनदा अधोरेखित केलेलं असतं. ही दोन पानं शेजारी ठेवून 'बाई, मग हे सगळे अधिकवाले एकत्र राहतात कसे?' असं विचारणारा वर्गात एखादाच. मी काही विचारलं नव्हतं. चित्राचे गुण मिळाले आणि विषय संपला.

आता हिशोब करून पाहू. अणुकेंद्रकातलं अंतर फेम्टोमीटरमध्ये मोजतात. मिलिमीटरचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे फेम्टोमीटर. दोन प्रोटॉन एवढ्या अंतरावर असले, तर कुलोमच्या नियमानुसार ते एकमेकांना सुमारे २३० न्यूटन इतक्या बलानं लोटतात. तेवीस किलोचं पोतं उचलायला लागतो तेवढा हा जोर, आणि तो पडतो कुणावर, तर ज्याचं वस्तुमान ग्रॅममध्ये लिहायचं तर दशांशचिन्हानंतर तेवीस शून्यं द्यावी लागतात अशा कणावर! गुरुत्वाकर्षणाची मदत घ्यावी, तर दोन प्रोटॉनांमधलं गुरुत्वाकर्षण या रेट्यापेक्षा एकावर छत्तीस शून्यं इतक्या पटींनी दुबळं आहे. अणूच्या गाभ्यात त्याला कुणी विचारत नाही.

रदरफर्डनं १९११ साली अणुकेंद्रक दाखवलं आणि १९३२ साली चॅडविकनं केंब्रिजमध्ये न्यूट्रॉन शोधला. त्यामुळे कोडं सुटलं नाही, उलट स्पष्ट झालं. न्यूट्रॉनला प्रभारच नाही, म्हणजे विजेच्या जोरावर त्यानं कुणाला धरून ठेवणं शक्य नाही. तरी तो गाभ्यात आहे. तेव्हा निसर्गात आणखी एक बल असलं पाहिजे: विजेच्या रेट्यावर मात करण्याइतकं जबरदस्त, पण पोच इतकी आखूड, की शेजारच्या अणूला त्याचा पत्ताही लागू नये. पोच लांब असती, तर जगातली सगळी अणुकेंद्रकं एकमेकांना चिकटून बसली असती.

एवढं दांडगं बल इतकं आखूड का, याचं पहिलं पटण्यासारखं उत्तर जपानच्या हिदेकी युकावानं दिलं. १९३५ साली त्याचा निबंध छापून आला, तेव्हा तो तिशीचाही नव्हता. कल्पना अशी: बल म्हणजे दोघांमध्ये चाललेली एखाद्या कणाची देवघेव. विजेच्या बाबतीत हा कण म्हणजे फोटॉन. त्याला वस्तुमान नाही, म्हणून तो कितीही लांब जाऊ शकतो. अणुकेंद्रकातला मध्यस्थ मात्र जड असावा. क्वांटमच्या नियमांत ऊर्जा थोडा वेळ उसनी मिळते, पण रक्कम जितकी मोठी, तितकी परतफेड लवकर. जड कणाला उसनवारी मोठी लागते, म्हणून त्याला फार लांब जायच्या आतच परतावं लागतं. बलाची पोच किती ते ठाऊक होतं. त्यावरून युकावानं मध्यस्थाचं वस्तुमान काढलं: इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट. असा कण तोवर कुणी पाहिलेला नव्हता.

यानंतरची दहा-बारा वर्षं मला या सगळ्या कथेत सर्वांत रंगतदार वाटतात. १९३६-३७ मध्ये विश्वकिरणांत इलेक्ट्रॉनच्या दोनशे पट वस्तुमानाचा कण सापडला आणि युकावा जिंकला असं सगळ्यांना वाटलं. या कणाला तेव्हा 'मेसोट्रॉन' म्हणत. ग्रीक शब्दात त्या 'ट्र'ला काही आधार नाही, तेव्हा सरळ 'मेसॉन' म्हणा, असं १९३९ साली सुचवलं होमी भाभांनी, आणि जगानं ते मानलं. पण या कणाची वागणूक संशयास्पद होती. ज्यानं अणुकेंद्रक बांधून ठेवायचं, त्यानं केंद्रक दिसताच त्यावर झडप घालायला हवी. हा तर जाड जाड धातूंमधून आरपार निघून जाई. महायुद्धाच्या धामधुमीत रोममधल्या तीन तरुणांनी, कोन्व्हेर्सी, पान्चीनी आणि पिच्चोनी यांनी, बाँबपासून वाचण्यासाठी आपली उपकरणं व्हॅटिकनजवळच्या एका शाळेच्या तळघरात हलवली आणि प्रयोग चालू ठेवले. १९४७ मध्ये त्यांचा निकाल आला: कार्बनमध्ये थांबलेले ऋण कण केंद्रकानं ओढून घ्यायला हवे होते, ते तर खुशाल आपापल्या मरणानं मरत होते. हा कण युकावाचा नव्हता. आज आपण त्याला म्यूऑन म्हणतो. खरा मध्यस्थ, पायॉन, त्याच वर्षी ब्रिस्टलमध्ये पॉवेल, ओकियालिनी आणि लात्तेस यांनी छायाचित्रणाच्या खास पट्ट्यांवर पकडला. वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे २७३ पट. युकावाला १९४९ चं नोबेल मिळालं, पॉवेलला १९५० चं.

या पट्ट्यांची वाट आपल्याकडेही चोखाळली गेली होती. कोलकात्याच्या देवेंद्रमोहन बोस आणि बिभा चौधुरी यांनी दार्जिलिंग, संदकफू अशा उंच ठिकाणी छायाचित्रणाच्या पट्ट्या ठेवून विश्वकिरणांचे माग टिपले आणि त्यावरून मेसॉनचं वस्तुमान काढलं. त्यांचे निबंध १९४० नंतरच्या दोन-तीन वर्षांत 'नेचर'मध्ये आले. युद्धामुळे त्यांना चांगल्या प्रतीच्या पट्ट्या मिळाल्या नाहीत आणि काम तिथेच थांबलं. बिभाताई पुढे मँचेस्टरला गेल्या आणि १९४९ मध्ये मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या. तिथल्या त्या पहिल्या स्त्री संशोधक. आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्यांना एक ओळ द्यायला काहीच हरकत नव्हती. २०१९ मध्ये एका ताऱ्याला 'बिभा' हे नाव मिळालं, एवढं झालं.

आता हे बल वागतं कसं ते पाहू. दिवाळीच्या डब्यातला कळीचा लाडू समोर घ्या. त्यातली प्रत्येक कळी फक्त तिला टेकलेल्या कळ्यांना चिकटलेली असते. पलीकडच्या टोकाच्या कळीशी तिचा काही संबंध नसतो. लाडू लहान वळा की मोठा, एकेका कळीवरची पकड तेवढीच राहते. अणुकेंद्रकही असंच. अडीच-तीन फेम्टोमीटरपलीकडे हे बल जवळपास संपतं, एक फेम्टोमीटरच्या आसपास जोरात ओढतं आणि अर्ध्या फेम्टोमीटरपेक्षा जवळ गेलात तर उलट दूर लोटतं. त्यामुळे केंद्रक कोसळून ठिपका होत नाही आणि लहानमोठ्या सगळ्या केंद्रकांची घनता जवळजवळ सारखी राहते. ती घनता अशी, की साखरेच्या दाण्याएवढं नव्हे, एक घन सेंटिमीटर द्रव्य घेतलं तर ते सुमारे २३ कोटी टन भरेल.

पण लाडवाची उपमा एका जागी मोडते, आणि मुद्द्याची गोष्ट तिथेच आहे. लाडू बांधायला पाक घालावा लागतो. केंद्रक बांधताना काही घालत नाहीत, त्यातून काही निघून जातं. दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन सुटे तोलले आणि मग त्यांचं हेलियम-केंद्रक तोललं, तर ते पाऊण टक्का हलकं भरतं. किलोभर जिन्नस घेतला, तर लाडू साडेसात ग्रॅमनं कमी! ती तूट ऊर्जा होऊन बाहेर गेलेली असते. तिलाच बंधनऊर्जा म्हणतात, आणि हा शब्द थोडा फसवा आहे. वाचणाऱ्याला वाटतं, की आत कुठेतरी ऊर्जा साठवलेली आहे आणि तीच कणांना आवळून धरते. खरं उलट आहे. ती ऊर्जा तिथे नाही, म्हणून कण सुटू शकत नाहीत. सुटायचं तर आधी तेवढी भरपाई करावी लागेल.

याचं सगळ्यात सुरेख उदाहरण म्हणजे ड्यूटेरॉन: एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन, आणि त्यांच्यातली तूट, ऊर्जेच्या एककात मोजली तर, फक्त २.२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. पकड इतकी बेताची, की न्यूट्रॉन-न्यूट्रॉन किंवा प्रोटॉन-प्रोटॉन अशी जोडी बनतच नाही. प्रोटॉन-न्यूट्रॉनसुद्धा दोघांचं परिवलन एकाच दिशेला असेल तरच जमतात. पण या बेताच्या पकडीची करामत बघा. सुटा न्यूट्रॉन अल्पायुषी आहे. न्यूट्रॉनांचा साठा दर दहा मिनिटांनी निम्मा होतो. तो मोडताना त्याच्याकडे ०.७८ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट शिल्लक असतात, त्या शिलकीवरच तो मोडतो. ड्यूटेरॉनमध्ये शिरताना मात्र जोडीनं त्याहून कितीतरी जास्त गमावलेलं असतं. आता मोडायचं म्हटलं तरी खिशात पैसे नाहीत. दहा मिनिटांचा पाहुणा असा कायमचा राहतो. विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत जे न्यूट्रॉन केंद्रकांत शिरले, ते वाचले. आज ताऱ्यांत दिसणारं बरंचसं हेलियम त्यांचंच.

मोठ्या केंद्रकांत चित्र बदलतं. पकड शेजाऱ्यापुरती असते, विजेचा रेटा मात्र प्रत्येक प्रोटॉनचा प्रत्येक प्रोटॉनला. युरेनियममध्ये ९२ प्रोटॉन, म्हणजे भांडणाऱ्या जोड्या ४,१८६. म्हणून जड केंद्रकांत न्यूट्रॉनची भरती लागते. ते ओढतात, पण लोटत नाहीत. कॅल्शियममध्ये वीसास वीस चालतात, पण शिशात ८२ प्रोटॉनांना १२६ न्यूट्रॉन लागतात. दर कणामागे सर्वाधिक तूट असते लोखंड-निकेलच्या आसपास, ८.८ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जवळ. त्याच्या अलीकडचे जुळून ऊर्जा देतात, तसा सूर्य. पलीकडचे फुटून देतात. १९३८ च्या नाताळात स्वीडनमध्ये बर्फातून चालता चालता लिझे माइटनर आणि तिचा भाचा ऑटो फ्रिश यांनी युरेनियम फुटण्याचा हिशोब मांडला. केंद्रक थेंबासारखं ताणलं जाऊन मधे बारीक झालं, की आखूड पोचेचं बल हात सोडतं आणि विजेचा रेटा दोन्ही तुकड्यांना भिरकावून देतो. उत्तर आलं सुमारे २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. १९६९ पासून तारापूरहून जी वीज येते, ती तिथल्या युरेनियममधल्या प्रोटॉनांच्या याच जुन्या भांडणाची.

प्रोटॉन आणि न्यूट्रॉन हे स्वतः क्वार्कांचे बनलेले आहेत, हे १९६४ नंतर कळत गेलं. क्वार्कांना बांधणारं ग्लुऑनांचं बल हे मूळ बल. अणुकेंद्रक बांधून ठेवतं ते त्याचं उरलंसुरलं. हिंगाची डबी घट्ट बंद केली तरी शेजारच्या बरण्यांना वास लागतो, तसं. कुलोमच्या नियमासारखं एका ओळीचं सूत्र मात्र या बलाला अजून नाही, आणि ते कधी मिळेल असं मला वाटत नाही. महासंगणकांवर क्वार्कांपासून सुरुवात करून ते मोजण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण हलक्या केंद्रकांपासून पुढे जाणं फार खर्चाचं आहे.

ही पकड कुठपर्यंत पुरते? बरीच वर्षं पुस्तकांत बिस्मथ-२०९ हे सर्वांत जड स्थिर केंद्रक म्हणून छापलं जाई. २००३ साली फ्रेंच संशोधकांनी अतिथंड स्फटिक घेऊन ते फुटताना पकडलं. त्याचं अर्धायुष्य विश्वाच्या आजच्या वयाच्या शंभर कोटी पटींहून जास्त आहे, त्यामुळे पोटाच्या अल्सरवरच्या गोळ्यांत बिस्मथ असतं याची काळजी करायचं कारण नाही. पण 'स्थिर' हा शब्द त्याच्या नावापुढून गेला. आता यादीच्या शेवटी आहे शिसं-२०८.