पोच

नागपूर–इटारसी लोहमार्गावरील तिगाव स्थानक सोडून चिचोंड्याचा घाट चढताना जड मालगाडीला मागून रेटा देणारे बँकर इंजिन लागते. दोन इंजिनांचे चालक परस्परांना दिसत नाहीत. पुढल्याने शिट्टी द्यावी, मागल्याने उलट शिट्टी देऊन ती पोचल्याची खूण पटवावी आणि मगच गाडी हलावी, असा शिरस्ता. या शिट्ट्या ऐकत वाढलेला माझ्या एका तिगावकर स्नेह्याचा पुतण्या चाकणजवळच्या एका कारखान्यात अभियंता आहे. त्याचे काम पाहावे म्हणून मी तेथे गेलो.

त्याच्या जागी पूर्वी दोन माणसे असत : कन्व्हेयर, क्लॅम्प आणि सेन्सर यांचा कारभार हाकणाऱ्या पीएलसी या नियंत्रकाचा जाणकार एक, आणि यंत्रबाहूच्या सहा सांध्यांना वाट शिकविणारा रोबोवाला दुसरा. ही विभागणी निष्कारण नव्हती. 1961 साली न्यू जर्सीतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात तप्त ओतीव भाग उचलू लागलेला युनिमेट हा रोबो, आणि 1968–69 च्या सुमारास रिलेंनी भरलेली कपाटे हटविण्यासाठी जन्मलेला पीएलसी, ही दोन निराळ्या घराण्यांची अपत्ये. म्हणूनच पीएलसीची आज्ञावली अद्याप विजेच्या आकृतीसारखी शिडीच्या रूपात मांडली जाते, तर रोबोची एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत, प्रवासवर्णनासारखी.

मी पोचलो तेव्हा लाइन थांबली होती. भाग फिक्स्चरमध्ये नीट बसलेला, क्लॅम्प आवळलेले, आणि यंत्रबाहू मात्र निश्चल. पीएलसीच्या दप्तरी हुकूम सुटल्याची नोंद होती. रोबोच्या पडद्यावर, हुकमाची प्रतीक्षा करीत असल्याची कैफियत. दोन माणसे असती तर दोघेही खरेच बोलले असते आणि तक्रार दोन टेबलांमध्ये हेलपाटे घालीत राहिली असती.

"काका, सिग्नल गेला, पण यानं तो पाहिलाच नाही," तो म्हणाला. पीएलसी दर काही मिलिसेकंदांना सगळे सेन्सर वाचून, शिडी सोडवून, आपले हुकूम बाहेर धाडतो. हा हुकूम क्षणभरच उभा राहिला, आणि त्या क्षणी रोबो मागील फेरी संपवून स्वस्थानी परतत होता. त्याने दुरुस्ती केली ती दोन्हीकडे : मागणी उत्तर येईपर्यंत टिकवून धरायची, रोबोने पोच द्यायची, पोच मिळाल्यावर मागणी मागे घ्यायची आणि त्यानंतरच पोचही उतरवायची.

पडताळणीसाठी तो पेंडंट, म्हणजे रोबो हाताने चालविण्याचा फलक, घेऊन कुंपणाच्या आत गेला. अशा वेळी बाहूचा वेग सेकंदाला 250 मिलिमीटरपेक्षा अधिक होऊ दिला जात नाही, आणि पेंडंटमागची कळ अर्धवटच दाबून धरावी लागते. ती सुटली तरी बाहू थांबतो आणि पूर्ण आवळली तरी थांबतो. घाबरलेला हात एकतर सुटतो किंवा आवळला जातो, हे ज्याने ओळखले त्याच्या मनुष्यस्वभावाच्या जाणकारीचे मला कौतुक वाटले.

"दोघांचं काम करतोस, मग पगार?" मी विचारले.

तो हसला. "पगार एकाचाच. आणि चूक ढकलायला समोर कोणी उरलं नाही, ते वेगळंच."

लाइन सुरू झाली. माझी निघण्याची वेळ झाली तरी तो कुंपणापाशीच उभा होता. प्रत्येक फेरीला मागणीचा दिवा लागे, पोचेचा लागे, मग पहिला विझे आणि मागोमाग दुसरा, आणि हा क्रम पुरा होईपर्यंत तो माझ्याकडे वळून पाहत नसे.