कंपनीची रॅम की लोकल?

मौद्याहून नागपूर पस्तीस-एक किलोमीटर. शाळेतला संगणक बिघडला की आम्ही सीताबर्डीची वाट धरतो. काही वर्षांपूर्वी आमच्या संगणक-खोलीतल्या दहा संगणकांची रॅम वाढवायची ठरली. प्रत्येकात २ जीबीची एकेक पट्टी होती, तिच्या जागी ४ जीबीची बसवायची. रिवाजाप्रमाणे तीन दरपत्रके मागवली. दोघांनी पट्टी कोणत्या कंपनीची देणार ते लिहिले होते. तिसऱ्याच्या कागदावर ‘४ जीबी डीडीआर-३’ एवढेच होते, पण दर सर्वांत कमी. पुढे काय झाले हे शाळेत खरेदी केलेल्या कोणालाही सांगायला नको. दुकानदार मात्र सरळ माणूस होता. त्याने आधीच सांगितले, ‘सर, ही लोकल आहे बरं का. कंपनीची पाहिजे असेल तर तीही आहे.’

पावसाळा, हिवाळा सुरळीत गेला. एप्रिलमध्ये, ऐन निकालाच्या धांदलीत, दोन संगणक काम करता करता मध्येच गोठू लागले. त्यांतल्या एकावर तयार केलेली निकालाची फाईल कुठेच उघडेना. शिक्षक-खोलीत दोन तट पडले. एक म्हणे, ‘स्वस्तातली घेतली, आता भोगा.’ दुसरा म्हणे, ‘कंपनीवाले नावाचे पैसे घेतात, आत सगळे सारखेच असते.’ दोन्ही म्हणणी निम्मीच खरी आहेत. ती कशी, हे पाहायचे तर पट्टीवरच्या त्या काळ्या चौकोनी चिपांत काय चालते ते समजून घ्यावे लागेल.

रॅममध्ये एक बिट साठवायला एक घर लागते. घर म्हणजे एक अतिसूक्ष्म धारित्र आणि त्याच्या दारावर एक ट्रान्झिस्टर. ही रचना आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांची, तिचे पेटंट त्यांना १९६८ मध्ये मिळाले. धारित्रात विद्युतभार असला तर १, नसला तर ०. हा भार असतो तरी किती? काही दहा हजार इलेक्ट्रॉन, बस्स. शिवाय धारित्र गळके असते. रांजणातले पाणी झिरपावे तसा भार झिरपत राहतो. म्हणून तो पुरता जाण्याआधी प्रत्येक घर वाचून पुन्हा भरावे लागते. सर्वसाधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला सुमारे सोळा वेळा, सगळ्या घरांची भरणी एकदा पुरी होते. संगणकाची वीज गेली की भरणी थांबते आणि न साठवलेला मजकूर नाहीसा होतो, त्याचे कारण हेच.

४ जीबीच्या पट्टीत अशी घरे किती असतील? २ चा पस्तिसावा घात मुलांना वहीत काढायला द्या. उत्तर येईल ३४,३५,९७,३८,३६८. जवळजवळ ३,४३६ कोटी घरे, आणि त्यांतल्या एकानेही ६४ मिलिसेकंदांच्या आत आपला भार गमावता कामा नये! इतकी घरे बनवायची आणि सगळी निर्दोष निघायची, हे कोणत्याही कारखान्याला शक्य नाही. म्हणून चिपवर मुळातच काही राखीव ओळी ठेवलेल्या असतात. चाचणीत सदोष ठरलेल्या ओळी बाद करून त्यांच्या जागी राखीव ओळी जोडल्या जातात. चाचणी हा चिप बनवण्याचाच एक भाग आहे, आणि तो खर्चाचा भाग आहे.

आमच्या भागात धानाचे पीक. राईस मिलमध्ये एकाच शेतातल्या धानातून अख्खा तांदूळ निघतो, तुकडा निघतो आणि कणीही निघते. कणी कोणी फेकून देत नाही. तिलाही भाव आहे, गिऱ्हाईक आहे. चिपांचे असेच होते. जगातल्या बहुतेक रॅम-चिप तीनच कंपन्यांच्या कारखान्यांतून येतात : दक्षिण कोरियातील सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. चीनमधील सीएक्सएमटी ही अलीकडे वाढलेली चौथी. तयार चिप जास्त तापमानाला आणि जास्त व्होल्टेजवर काही काळ चालवून पाहतात. ज्यांना लवकर मरायचे आहे त्या तिथेच मराव्यात, हा हेतू. उरलेल्यांची प्रतवारी होते. वरच्या प्रतीच्या संगणकांसाठी जातात. उतरत्या प्रतीच्या चिप खेळणी किंवा किरकोळ उपकरणे अशा, चूक झाली तरी फारसे न बिघडणाऱ्या कामांसाठी विकल्या जातात. यात लपवाछपवी नाही. मायक्रॉनची स्पेकटेक नावाची शाखा असा माल उघडपणे विकत आली आहे. काही चिप पुरती चाचणी न करताही स्वस्तात विकल्या जातात, आणि ती चाचणी घेणाऱ्याने करावी अशी अपेक्षा असते. त्याने ती केली नाही, तर ती तुमच्या-आमच्या टेबलावर होते.

आता ‘कंपनीची’ म्हणजे काय? किंग्स्टन हे नाव आपल्याकडे घरोघरी आहे. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली ही कंपनी मुख्यतः पट्ट्या बनवते. त्यांवरच्या चिप ती इतरांकडून घेते. बाजारातल्या बहुतेक नावांचे तसेच. एकाच मॉडेल-क्रमांकाच्या दोन पट्ट्यांवर दोन वेगळ्या कारखान्यांच्या चिप निघू शकतात. म्हणजे आतला दाणा एकाच शेतातला असू शकतो, हे दुसऱ्या तटाचे म्हणणे बरोबर. चुकते ते पुढे. नावाच्या कंपनीला आपण जे जादा पैसे देतो ते चाळणीचे : चिप निवडून घेणे, पट्टी बनल्यावर ती तपासणे आणि बिघडली तर बदलून देणे. शिवाय पट्टीवर एक छोटी आठ पायांची चिप असते. तिच्यात पट्टीची क्षमता, वेग, वेळापत्रक ही माहिती लिहिलेली असते आणि संगणक सुरू होताना ती वाचतो. चिपांना झेपेल त्याहून जास्त वेग तिथे लिहून ठेवला, तर संगणक बिचारा त्यावर विश्वास ठेवतो.

गंमत अशी, की या बाजारात रूपावरून पारख उलटी होते. सॅमसंग, हायनिक्स किंवा मायक्रॉन यांच्या स्वतःच्या पट्ट्या, ज्या तयार संगणकात बसवून येतात, त्या अगदी साध्या असतात. हिरवी पट्टी, पांढरी चिठ्ठी. नवख्याला तीच ‘लोकल’ वाटते. लाल-निळ्या धातूच्या कवचातली रुबाबदार पट्टी घेतली, तर कवचाखालची चिप कोणाची हे डोळ्यांना दिसतच नाही.

मोठे नाव म्हणजे निर्दोष माल, असेही नाही. १९७८ मध्ये इंटेलच्या टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवून दिले, की चिपच्या आवरणातच किरणोत्सर्गी द्रव्याचे अत्यल्प अंश होते. त्यांतून निघणारे अल्फा कण बिट उलटवत होते. हा शोध लागला आणि सगळ्याच कारखान्यांनी आवरणाचा माल बदलला.

आणि लबाडी म्हणाल तर तिचा उत्तम नमुना १९९० च्या दशकातला आहे. मुलांना सांगण्याजोगा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तेव्हाच्या अनेक संगणकांत दर आठ बिटांमागे एक नववा बिट राखणीला असे. वर्गात करून पाहा. आठ मुले ओळीत उभी करा. कोणी हात वर करावा, कोणी करू नये. नवव्या मुलाने असे पाहायचे, की वर गेलेल्या हातांची एकूण संख्या सम राहावी. गरज असेल तरच त्याने हात वर करायचा आणि मग तो तसाच ठेवायचा. थोड्या वेळाने आठांतल्या एकाने गुपचूप हात खाली घेतला, की संख्या विषम होते आणि चोरी उघडकीस येते. (दोघांनी घेतला तर? तेही मुलांनाच विचारा.) आता त्या काळी रॅम महाग. १९९३ च्या जुलैत जपानमध्ये निहामा येथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपच्या आवरणाला लागणारे रेझिन तिथे बनत असे, त्यामुळे भाव एकदम भडकले. नववी स्मृती वाचवली तर पैसे वाचत होते. म्हणून काही पट्ट्यांवर नवव्या जागी एक स्वस्त चिप बसवू लागले. ती काहीच लक्षात ठेवत नसे. विचारणा झाली की समोरच्या आठांकडे त्या क्षणी पाहायची आणि बेरीज सम होईल असा हात वर करायचा. त्यामुळे तपासणी कायम ‘बरोबर’! पर्यवेक्षकच कॉपी पुरवणारा निघावा, तशातला प्रकार.

एक बिट उलटल्याने असे काय मोठे बिघडते? समजा, ६७ गुण द्विमान पद्धतीत लिहिले : १००००११. डावीकडचा पहिला १ गळून ० झाला, की उरतात ३. (संगणकातील तक्ते आकडे याहून वेगळ्या रीतीने साठवतात, पण घोळाचे स्वरूप हेच.) संगणक गोठला तर निदान कळते तरी. गुपचूप बदललेला आकडा कळत नाही. २००३ मध्ये बेल्जियममधील स्खारबेक येथे निवडणुकीत एका उमेदवाराला शक्य होती त्याहून जास्त मते पडलेली दिसली. फेरमोजणीत फरक निघाला बरोबर ४,०९६ मतांचा. ४,०९६ म्हणजे २ चा बारावा घात. यंत्रातला एकच बिट उलटला असावा, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला.

चांगल्या मालातही चुका होतातच. गूगलच्या संगणकांवरील पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात एका वर्षात सुमारे आठ टक्के पट्ट्यांवर निदान एकदा तरी चूक आढळली होती. त्या संगणकांत चूक ओळखून दुरुस्त करणारी सोय होती, आपल्या शाळेतल्या संगणकांत ती नसते. त्याच पाहणीत दिसले, की एकदा चुकलेली पट्टी पुन्हा चुकण्याचा संभव फार वाढतो. आम्हांला हे फार उपयोगी पडले.

आम्ही काय केले ते सांगतो. पहिला उपाय बिनखर्ची. पट्टीच्या सोनेरी दातांवर धुळीचा आणि दमटपणाचा थर चढतो. संगणक बंद करून, वायर काढून, पट्टी उपसायची. दातांवरून मऊ पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा, भुगा झटकायचा आणि पट्टी पुन्हा खटकन बसवायची. दोनांपैकी एक संगणक एवढ्यानेच सुधारला. रॅमवर घेतलेले निम्मे आळ खोटे असतात, असे माझे मत आहे.

दुसऱ्यासाठी मेमटेस्ट८६+ हा फुकट मिळणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घेऊन त्यावरूनच संगणक सुरू केला. तो घराघरांत ठरावीक नमुने लिहितो, परत वाचतो आणि फरक पडला की लाल अक्षरांत जागेचा पत्ता दाखवतो. सकाळी आठला लावला. अकरापर्यंत एकही चूक नाही. दुपारी दीडला लाल ओळी सुरू झाल्या, आणि दर फेरीत पत्ता तोच. मे महिना, बाहेर पंचेचाळीस अंश, वर टिनाचे छप्पर. तापमान वाढले की धारित्राची गळती झपाट्याने वाढते. चिपचे आवरण ८५ अंशांवर गेले तर भरणी ६४ ऐवजी ३२ मिलिसेकंदांत करावी, असे या उद्योगाच्या मानकातच म्हटले आहे. आमची चिप इतकी तापली नव्हती, पण काठावरचे एखादे घर हिवाळ्यात तरते आणि वैशाखात बुडते. तेव्हा नवी रॅम तपासायची तर दुपारी तपासावी, शक्य तर उन्हाळ्यात, आणि रात्रभर चालू ठेवावी.

उरलेल्या आठ पट्ट्याही एकेक करून तपासल्या. आठही लोकल, आठही निर्दोष.

तेव्हापासून आमच्या दरपत्रकाच्या मागणीत चार ओळी जादा असतात : पट्टीची क्षमता, प्रकार आणि वेग लिहावा; ती आमच्या मदरबोर्डवर चालली पाहिजे (काही स्वस्त पट्ट्या फक्त एएमडीच्या संगणकांत चालतात, इंटेलच्या नाहीत); चिप उघड्या दिसाव्यात; बसवल्यावर मेमटेस्टच्या रात्रभराच्या चाचणीत एकही चूक निघाल्यास पट्टी बदलून द्यावी आणि पुढे निदान तीन वर्षे हमी असावी. यात कंपनीचे नाव कुठेच नाही. पण या ओळी मान्य करून भरलेला सर्वांत कमी दर आणि नुसता सर्वांत कमी दर, यांत फरक पडतो. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी चिप उचलल्याने रॅमचे भाव चढले. त्या डिसेंबरात मायक्रॉनने ‘क्रुशल’ या नावाने ग्राहकांना पट्ट्या विकणे बंद करण्याचे जाहीर केले. १९९३ नंतर काय काय विकले गेले ते आठवले, की या ओळी गाळाव्याशा वाटत नाहीत.

बिघडलेली पट्टी मेमटेस्टच्या पडद्याच्या फोटोसह दुकानदाराला दाखवली. त्याने कुरकुर न करता बदलून दिली. दुसरीही लोकलच. तिला दोन दुपारी आणि एक रात्र चालवले. एकही लाल ओळ आली नाही.