‘पुणे’ दडलेले इंग्रजी शब्द
पी, यू, एन, ई ही ‘पुणे’च्या स्पेलिंगची चारही अक्षरं पाच अक्षरी ‘प्रून’मध्ये सापडतात आणि सात अक्षरी ‘पेंग्विन’मध्येही. ब्रिटिशकालीन ‘पूना’ला ओ दोनदा लागतो, म्हणून ‘हार्पून’ चालतो, एकच ओ असलेला ‘वेपन’ नाही.

छापील कोश आद्याक्षरानुसार लावलेला असतो, त्यामुळे नुसतं मधलं अक्षर ठाऊक असून भागत नाही. संगणक मात्र प्रत्येक शब्दातली अक्षरं मोजून चाळणी लावतो. शोधताना बहुधा प्रश्नचिन्ह म्हणजे एक अज्ञात अक्षर, तारांकन म्हणजे कितीही.

डोक्याने शोधायचं तर दुर्मीळ अक्षर आधी धरा. स्क्रॅबलमध्ये क्यू आणि झेडला प्रत्येकी १० गुण आहेत ते उगाच नव्हे. क्यूपाठोपाठ बहुतेकदा यू येतो. तेवढ्याने निम्मं काम होतं.