टिल्टिंग : अटलांटिकच्या काठचे एक गाव

वाचकहो, जगाचा नकाशा समोर घ्या आणि उत्तर अमेरिकेच्या अगदी पूर्वेकडील टोकाकडे दृष्टी वळवा. तेथे कॅनडाचे न्यूफाउंडलंड हे विशाल बेट दिसेल. त्याच्या ईशान्येस, अटलांटिक महासागराच्या लाटा अंगावर झेलीत, फोगो नावाचे एक लहानसे बेट उभे आहे. त्याची लांबी जेमतेम २५ किलोमीटर. या बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर टिल्टिंग हे कोळ्यांचे गाव वसलेले आहे.

हा प्रदेश आपणांस परका वाटेल. पण एक गंमत पाहा. आपले घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, तर तेथील घड्याळ साडेतीन तास मागे. अर्ध्या तासाचा हा हिशेब जगात फार थोड्या ठिकाणी आढळतो. हिवाळ्यात आपल्याकडे तिन्हीसांजेचे सहा वाजतात, तेव्हा टिल्टिंगमध्ये सकाळचे बरोबर नऊ झालेले असतात.

अठराव्या शतकात आयर्लंडहून आलेल्या लोकांनी येथे वस्ती केली. त्यांना ओढून आणले ते कॉड माशाने. न्यूफाउंडलंडमध्ये नुसते ‘मासा’ म्हटले, की तो कॉडच समजावा, इतके त्याचे माहात्म्य! बंदराच्या कडेने, पाण्यात रोवलेल्या लाकडी खांबांवर कोळ्यांच्या खोपट्या उभ्या असतात. होडी तेथेच लागे. मासा चिरून, साफ करून तेथेच खारविला जाई. मग लाकडी माचांवर त्याचे वाळवण पडे. पुरुष समुद्रावर असत, तेव्हा हे वाळवण राखण्याचे काम बायकामुलांकडे असे. आभाळ भरून आले, की सारे घर धावत सुटे. कारण एका सरीने उन्हाळ्याची मेहनत वाया जाण्याची भीती असे.

इतके करूनही कोळ्याच्या हाती रोख पैसा क्वचितच पडे. व्यापारी वसंतात मीठ, जाळी, पीठ उधार देई आणि शरदात सुका मासा घेऊन हिशेब फेडून घेई. माशाचा भाव ठरविणारा तोच आणि सामानाची किंमत लावणाराही तोच! ‘उचल’ या शब्दाचा अर्थ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही कहाणी निराळी समजावून सांगावयास नको.

१९४९ साली न्यूफाउंडलंड कॅनडात सामील झाले. विखुरलेल्या लहान वस्त्यांना शाळा, रस्ते, दवाखाने पुरविणे महाग पडते, म्हणून १९५४ पासून माणसांना मोठ्या गावी हलविण्याची सरकारी योजना सुरू झाली. १९७५ पर्यंत सुमारे ३०,००० लोकांनी आपली गावे सोडली. काहींनी तर राहती घरेच पाण्यावर तरंगवीत नव्या ठिकाणी ओढून नेली. फोगोवरही हेच संकट येऊन ठेपले होते.

तेव्हा १९६७ साली एक अभिनव प्रयोग घडला. मेमोरियल विद्यापीठाचा विस्तार विभाग आणि कॅनडाचे राष्ट्रीय चित्रपट मंडळ यांच्या सहकार्याने कॉलिन लो हे दिग्दर्शक बेटावर आले. त्यांनी लोकांचे बोलणे चित्रित केले आणि ते चित्रपट गावोगावी दाखविले. धर्मपंथांमुळे एकमेकांपासून दुरावलेल्या या गावांना पडद्यावर शेजाऱ्याचे दुःख दिसले आणि ते आपलेच आहे, हे उमगले. पुढे हे चित्रपट सरकारलाही दाखविण्यात आले. त्याच सुमारास बेटावर मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली. मोठ्या बोटी बांधल्या गेल्या, मासा दूरवर जाऊन पकडता येऊ लागला, आणि बेट ओस पडले नाही.

परंतु दैवाने आणखी एक परीक्षा पाहिली. अनेक देशांच्या अजस्र जहाजांनी केलेल्या अतिरेकी मासेमारीने कॉडचा साठा ढासळला. २ जुलै १९९२ रोजी सरकारने उत्तरेकडील कॉडच्या धंदेवाईक मासेमारीवर बंदी घातली. प्रांतातील सुमारे ३०,००० माणसांचे काम गेले. पाचशे वर्षांची परंपरा एका दिवसात थांबली. सहकारी संस्था मात्र खेकडे आणि कोळंबीच्या आधाराने तगून राहिली. ही बंदी उठली ती थेट २०२४ साली, आणि तीही मर्यादा घालून. साठा पुरता सावरला आहे काय, याविषयी शास्त्रज्ञ व मच्छीमार यांच्यात अद्याप एकमत नाही.

आज टिल्टिंगचे हे रूप राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जपलेले आहे. जवळच्याच जो बॅट्स आर्म गावी २०१३ साली एक अतिथिगृह उघडले. या भूमीची कन्या झीटा कॉब यांनी आपल्या भावांसह स्थापिलेली धर्मादाय संस्था ते चालविते आणि त्याचा नफा समाजाच्या कामी लावते. तेथील खाटांवर अंथरलेल्या गोधड्या बेटावरील स्त्रियांनी शिवलेल्या आहेत. जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून ऊब निर्माण करण्याची ही विद्या आपल्या आजीबाईंनाही अवगत होतीच!

नाताळच्या दिवसांत गावकरी तोंडे झाकून, सोंगे घेऊन एकमेकांच्या घरी जातात. यजमानाने पाहुणा ओळखावा, मग बुरखा दूर होऊन खाणेपिणे, गाणेबजावणे सुरू व्हावे, अशी रीत आहे. दोन हजारांच्या थोडी वर वस्ती असलेल्या बेटावर ओळखीचा माणूस किती काळ लपणार? एकमेकांना इतके ओळखणारी माणसे होती, म्हणूनच हे बेट टिकले. समुद्राने दिले, समुद्रानेच हिरावून घेतले. शेजार मात्र त्यांनी सोडला नाही.