परस्पर संमतीने घटस्फोट : सोडचिठ्ठी नव्हे, कोर्टाचा हुकूमनामा

संसार जुळला नाही, मूलबाळ नाही आणि दोघांनाही वेगळे व्हायचे आहे, असे प्रसंग आपल्याही समाजात येतात. मग वडीलधारी मंडळी बसतात, स्टँप पेपरवर सोडचिठ्ठी लिहिली जाते, नोटरीचा शिक्का पडतो आणि प्रकरण मिटले असे सारे समजतात. पण ते मिटलेले नसते.

हिंदू विवाह कायदा, १९५५ हा बौद्धांनाही लागू आहे. त्यात रूढीने होणाऱ्या काडीमोडीला जागा आहे. परंतु ती रूढी जुनी व अखंड चालत आलेली असल्याचे कोर्टात सिद्ध करावे लागते. ते न जमल्यास पहिले लग्न कायम राहते आणि दुसरे लग्न रद्दबातल ठरते. शिवाय तो गुन्हाही होतो. याचा फटका बहुधा बाईलाच बसतो : नव्या घरात तिला कायदेशीर पत्नीचा दर्जा मिळत नाही. म्हणून सरळ मार्ग समजून घेऊ.

१९७६ साली या कायद्यात कलम १३-ब आले. त्यानुसार पती-पत्नी मिळून एकच अर्ज करतात. अटी तीन : दोघे किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावेत, एकत्र राहणे शक्य नसावे आणि संमती खुशीची असावी. जेथे लग्न लागले, जेथे दोघे शेवटी एकत्र राहिले किंवा जेथे पत्नी राहते, तेथील कौटुंबिक न्यायालयात अर्ज करता येतो. ते नसल्यास दिवाणी न्यायालयात जावे.

अर्जासोबत लग्नाचा दाखला किंवा पत्रिका व फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि प्रतिज्ञापत्र लागते. मूल नसल्याने ताब्याचा प्रश्न उद्भवत नाही. तरी पोटगी किती, ती केव्हा द्यायची, दागिने व भांडीकुंडी कोणाची, हे सारे अर्जात स्पष्ट लिहावे. तोंडी कबुलीवर विसंबू नये.

अर्जानंतर विचारासाठी सहा महिने दिलेले आहेत. त्यानंतर, पण अर्जापासून अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा कोर्टापुढे संमती सांगायची असते. दोघे दीड वर्षाहून अधिक काळ वेगळे असतील, समेटाचे प्रयत्न थकले असतील आणि देण्याघेण्याचा निकाल लागला असेल, तर हे सहा महिने कोर्ट माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ठरविले. हुकूमनामा होईपर्यंत कोणालाही संमती मागे घेता येते. म्हणून दडपणाखाली सही घेऊ नये, देऊही नये. हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल जपून ठेवावी व ती हाती आल्याशिवाय दुसऱ्या सोयरिकीची बोलणी करू नयेत.

वकिलाच्या फीची अडचण असेल, तर १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रियांना आणि अनुसूचित जातींच्या व्यक्तींना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा किंवा तालुका न्यायालयातील विधी सेवा कार्यालयात अर्ज करावा.

हिंदू संहिता विधेयकात घटस्फोटाचा हक्क स्त्रीलाही मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर झटले. ते विधेयक रखडले आणि १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा देताना त्यांनी जी कारणे सांगितली, त्यांत हे एक होते. तो हक्क आज कायद्यात आहे. बैठकीला बसणाऱ्या मंडळींना आमची एवढीच विनंती आहे : समेट घडवा, तो न झाल्यास दोघांना वकिलाकडे पाठवा, स्टँप विक्रेत्याकडे नव्हे.