पाच व्होल्टची कुरकुर

भोपाळमध्ये मोठ्या तलावाकडून श्यामला हिल्सचा चढ चढताना जुनी गाडी अचानक आचके देऊ लागली, की आधी प्लग बदलले जातात, मग पेट्रोलला दोष दिला जातो. खरा गुन्हेगार अनेकदा थ्रॉटल बॉडीच्या कडेला बसलेला काडेपेटीएवढा सेन्सर असतो.

2000 साली प्रदूषणाचे नवे निकष देशभर लागू झाले, कार्बोरेटर मागे पडला आणि इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं हे संगणक ठरवू लागला. थ्रॉटलची झडप किती उघडली, हे त्याला हा सेन्सर सांगतो. आत कार्बनची पट्टी आणि तिच्यावर सरकणारा काटा, बस्स! पाच व्होल्ट आत जातात. झडप बंद असताना साधारण अर्धा व्होल्ट बाहेर येतो, पूर्ण उघडल्यावर साडेचारच्या आसपास. शहरातल्या गर्दीत पाय पेडलवर जेमतेम टेकलेला, त्यामुळे पट्टी झिजते तीही तेवढ्याच टापूत. काटा तिथे आला की व्होल्टेज क्षणभर कोसळतं आणि संगणक गोंधळतो.

तपासायला काट्याचा जुना मल्टिमीटर उत्तम, कारण डिजिटलमध्ये ही क्षणिक घसरण निसटू शकते. झडप हळूहळू उघडा. मीटरचा काटा अडखळला तर सेन्सर गेला. त्याआधी कनेक्टर मात्र उघडून बघाच. पावसाळ्यानंतर पिनांवर हिरवट गंज चढतो, आणि तो साफ केल्यावर खर्च वाचल्याची उदाहरणं आहेत. बंद सेन्सर खोलून दुरुस्त करणं मला तरी व्यर्थ वाटतं. नवा बसवताना स्क्रूची छिद्रं लांबट असतील, तर मॅन्युअलमधलं व्होल्टेज जुळवूनच स्क्रू आवळावेत.